काजळीतला पतंग

यंदाच्या मालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे 'प्राण्यांची नक्षी आणि तिचे प्रयोजन' असा विषय छापलेला पाहून संघटनेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हाला विचारले, "काय हो, बोनस, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम सोडून हे पतंगांचे वेड तुम्हाला कुठून लागले?" प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि तेही युनियनच्या कचेरीला कुलूप लावल्यानंतर. प्राणिशास्त्रात आमचा अधिकार काडीचा नाही. तथापि आज ज्या एका पतंगाची हकीकत आम्ही सांगणार आहोत ती गिरणीच्या धुराड्याखाली घडलेली आहे, आणि धुराड्याखालच्या गोष्टींवर बोलण्याचा हक्क आम्ही सहजासहजी सोडणार नाही.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो एका वाटाघाटीच्या बैठकीत. त्याला पुष्कळ वर्षे झाली. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. बॉयलरच्या धुराड्यातून पडणारी काजळी आणि खात्यात उडणारे तूस ह्यांबद्दल आमची तक्रार होती. समोर बसलेले गृहस्थ शिकलेले आणि मृदुभाषी होते. ते म्हणाले, "माणूस हाही एक प्राणीच आहे, आणि प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतो. विलायतेत गिरण्यांच्या धुराने पतंगसुद्धा काळे झाले आणि सुखाने जगले. हे शास्त्र आहे. तुमच्या लोकांनाही सवय होईल." आम्हाला उत्तर सुचले नाही. मागणी तशीच लोंबकळत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना विचारले, "धुराने काळ्या झालेल्या पतंगाचे काही पुस्तक आहे काय?" त्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात आमची काही वर्षे गेली. हाती जे लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम नक्षीविषयी थोडेसे. प्राण्यांच्या अंगावरचे रंग आणि रेषा पुष्कळ कामे करतात. त्यांतली तीन ढोबळ कामे सांगतो. पहिले काम लपण्याचे. रानातल्या वाटेवर पाचोळ्यात बसलेला रातवा आपण पायाखाली येईपर्यंत ओळखत नाही. वाघाचा भडक नारिंगी रंग पाहून आपल्याला वाटते की हा कसला लपणार. पण हरणाच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. त्याला गवतात गवतच दिसते. नक्षी कोणाच्या डोळ्यांसाठी आहे हे विचारल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरे काम इशारा देण्याचे. गांधीलमाशीचे पिवळे-काळे पट्टे लांबूनच सांगतात की वाटेला जाऊ नका. आपल्याकडे माळावर रुईची झुडपे असतात. त्यांच्या पानांवर वाढणारे एक तांबूस-नारिंगी फुलपाखरू आहे. अळी असताना ते रुईच्या चिकातले कडू विष अंगात साठवते, आणि मोठेपणी सावकाश, बेफिकिरीने उडते. ज्या पक्ष्याने ते एकदा खाल्ले तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. तिसरे काम सोंगाचे. त्याच माळावर दुसऱ्या एका जातीचे फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे ठिपके असलेला. मादी मात्र हुबेहूब त्या रुईवाल्या फुलपाखराचा पोशाख घालून हिंडते. तिच्या अंगात विष नाही. दुसऱ्याच्या नावलौकिकावर तिचा निभाव लागतो.

ह्या सोंगाचा उलगडा ज्याने प्रथम केला तो हेन्री वॉल्टर बेट्स हा मनुष्य कोण होता, हे वाचून आम्हाला विशेष आनंद झाला. तो लेस्टर गावचा. लहानपणीच पायमोजे बनविणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. दिवसभर राबायचे आणि रात्री कामगारांसाठी चालविलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या वर्गात शिकायचे, असा त्याचा क्रम होता. त्याचा मित्र आल्फ्रेड रसेल वॉलेस हाही लहान वयात शाळा सोडून जमीनमोजणीच्या कामाला लागलेला. हे दोघे १८४८ साली अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेले. बेट्स तेथे अकरा वर्षे राहिला, आणि सोंगाविषयीचा त्याचा निबंध १८६२ साली प्रसिद्ध झाला.

ते १८४८ साल श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. त्याच साली पुण्यात जोतीरावांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्याच साली मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या जीवनावरची एलिझाबेथ गॅस्केल ह्यांची 'मेरी बार्टन' ही कादंबरी बाहेर पडली. तीत जॉब ली नावाचा एक म्हातारा कामगार आहे, तो कीटक जमवतो आणि त्यांची लॅटिन नावे सांगतो. हे पात्र हवेतून आलेले नव्हते. लँकेशरमध्ये वनस्पती आणि कीटक ह्यांचा नाद असलेले विणकर खरोखरच पुष्कळ होते. आणि त्याच १८४८ साली, त्याच मँचेस्टरात, एक काळा पतंग सापडला.

हा पतंग मुळात काळा नव्हे. त्याचे पांढरे पंख बारीक काळ्या ठिपक्यांनी भरलेले असतात, जणू पांढऱ्या कापडावर मिरपूड सांडावी. म्हणून इंग्रजीत त्याला 'पेपर्ड मॉथ' म्हणतात. आम्ही त्याला मिरपुडी पतंग म्हणू. तो रात्री उडतो आणि दिवसा झाडावर पंख पसरून निश्चल बसतो. इंग्लंडातल्या झाडांच्या सालीवर दगडफूल वाढते. आपल्या भगिनी गोड्या मसाल्यात घालतात त्याच जातकुळीचे. पांढुरक्या, करड्या दगडफुलावर बसलेला मिरपुडी पतंग अगदी जवळ गेल्यावाचून दिसत नाही. पक्ष्याच्या नजरेतून निसटणे एवढेच त्या नक्षीचे प्रयोजन.

मँचेस्टर हे तेव्हा जगाचे कापडगिरणीचे शहर होते. १८५१ च्या शिरगणतीत त्याची वस्ती तीन लाखांवर गेली होती. दगडी कोळशावर चालणारी वाफेची यंत्रे, शेकडो धुराडी, आणि त्यांच्या पायथ्याशी कामगारांच्या अंधाऱ्या वस्त्या. त्या वस्त्यांचे वर्णन फ्रेडरिक एंगल्स ह्याने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे, आणि ते वाचताना गिरणगावातल्या माणसाला परके असे काही वाटत नाही. त्या धुरातल्या गंधकाच्या वायूने झाडांवरचे दगडफूल मेले, आणि काजळीने साल काळी झाली. त्या काळ्या सालीवर पांढरा पतंग आता लांबूनही दिसू लागला.

एडल्स्टन नावाच्या एका कीटकसंग्राहकाने १८६४ साली टिपण प्रसिद्ध केले, त्यावरून १८४८ च्या काळ्या पतंगाची माहिती जगाला कळली. आरंभी असा पतंग म्हणजे संग्राहकांची चैन होती. पण पुढे तो नित्याचा झाला, आणि १८९५ च्या सुमारास मँचेस्टरच्या परिसरात सापडणाऱ्या शंभर पतंगांत अठ्ठ्याण्णव काळे असत. हा पतंग वर्षाला एकच पिढी काढतो. म्हणजे पन्नासाच्या आत पिढ्यांमध्ये एका संबंध जातीचा पोशाख बदलला. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला, तेव्हा निसर्गातली निवड फार सावकाश चालते आणि माणसाच्या आयुष्यात ती दिसणे कठीण, अशी समजूत होती. ती निवड डार्विनच्या हयातीतच त्याच्या देशातल्या गिरण्यांभोवती चालू होती.

१८९६ साली जे. डब्ल्यू. टट ह्या अभ्यासकाने त्याचे कारण मांडले: स्वच्छ रानात पक्षी काळे पतंग वेचतात, काजळलेल्या रानात पांढरे. अनेकांना ते पटले नाही. पक्षी पतंग खाताना कोणी पाहिले आहे, असा त्यांचा सवाल होता. १९२४ साली जे. बी. एस. हाल्डेन ह्याने गणित मांडून दाखविले की, एवढ्या थोड्या पिढ्यांत एवढा पालट व्हायचा तर काळ्या पतंगाची संतती पांढऱ्याच्या सुमारे दीडपट टिकत असली पाहिजे. ही निवड जबरदस्तच म्हणायची.

ह्या हाल्डेनविषयी दोन शब्द अधिक बोलावेत असे आम्हाला वाटते. त्याचे वडील खाणींतल्या विषारी हवेचा अभ्यास करीत. खाणीत कॅनरी पक्षी न्यावा, तो कोलमडला की माणसांनी बाहेर पडावे, ही सूचना त्यांची. मुलगा लंडनच्या 'डेली वर्कर' ह्या कामगारांच्या पत्रात सोप्या भाषेत विज्ञानावर लिहीत असे. १९५७ साली तो भारतात आला, पुढे भारताचा नागरिक झाला, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

पक्ष्यांचा पुरावा मिळविण्याचे काम ऑक्सफर्डच्या बर्नार्ड केटलवेल ह्याने केले. त्याचे शिक्षण डॉक्टरीचे, नाद पतंगांचा. १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात त्याने पतंगांच्या पंखांखाली रंगाचा ठिपका देऊन ते सोडले, आणि रात्री दिव्याने व मादीच्या वासाने पुन्हा धरले. काळ्यांपैकी शेकडा २७.५ परत सापडले, पांढऱ्यांपैकी शेकडा १३. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ रानात तोच प्रयोग केला. तेथे आकडे उलटले: पांढरे शेकडा १२.५, काळे शेकडा ६.३. निको टिनबर्गन ह्याने पक्षी पतंग टिपताना चित्रपट घेतला. पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी बसलेल्या काळ्या-पांढऱ्या पतंगांचे चित्र येऊ लागले ते तेव्हापासून.

इकडे १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुराचे दाट धुके बसले. सरकारी हिशेबाने सुमारे चार हजार माणसे त्यात दगावली. पुढच्या संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. म्हातारे, तान्ही मुले आणि आधीच छातीने अधू असलेले लोक आधी गेले. लोकांचा गवगवा झाला, पार्लमेंटात भांडण झाले, आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहरांत धूरबंदीचे विभाग ठरले. हळूहळू झाडांची साल पुन्हा उजळू लागली, दगडफूल परतले, आणि पतंगाने आपली वाट उलटी धरली.

ह्या परतीच्या वाटेची नोंद ठेवणारा सिरिल क्लार्क हाही डॉक्टरच होता. आई आणि गर्भ ह्यांच्या रक्तगटांच्या विरोधातून होणाऱ्या बालमृत्यूंना आळा घालणाऱ्या उपायात त्याचा मोठा वाटा आहे. लिव्हरपूलजवळ आपल्या घराच्या आवारात १९५९ पासून तो दरवर्षी पतंग धरून मोजीत असे. आरंभी शंभरांत नव्वदाहून अधिक काळे होते. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते पंचविसांच्या आत आले, आणि आज काळा पतंग इंग्लंडात दुर्मिळ आहे. गिरण्यांनी बसविलेला रंग कायद्याने उतरविला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक अडचण आली, ती लपवून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस केटलवेलच्या प्रयोगांतले दोष पुढे आले. त्याने पतंग दिवसा स्वतःच्या हाताने बुंध्यांवर ठेवले होते, आणि थोड्या जागेत फार पतंग सोडले होते. पुस्तकांतली कित्येक चित्रे मेलेले पतंग टाचून काढलेली होती. २००२ साली तर त्याच्यावर लबाडीचा आरोप करणारे पुस्तक निघाले. उत्क्रांतीचे तत्त्वच ज्यांना नको होते त्यांना आयतेच निमित्त मिळाले.

अशा वेळी दोन मार्ग असतात. आरोप करणाऱ्याला शिव्या द्यायच्या, किंवा पुन्हा मोजायला बसायचे. केंब्रिजच्या मायकेल मजेरस ह्याने दुसरा मार्ग धरला. २००१ पासून सात उन्हाळे तो आपल्या बागेत पतंग मोजत होता. त्याने आधी झाडांवर चढून पतंग कोठे बसतात ते पाहिले: निम्म्याहून अधिक फांद्यांवर, सुमारे एक तृतीयांश बुंध्यांवर. मग ४,८६४ पतंग थोडे थोडे करून रात्री सोडले, त्यांना आपली जागा आपण निवडू दिली, आणि पहाटे दुर्बिणीतून पक्षी कोणाला टिपतात ते पाहिले. आता हवा स्वच्छ होती. पक्ष्यांनी काळे पतंग अधिक वेचले. दिवसागणिक काळ्यांची जगण्याची शक्यता पांढऱ्यांपेक्षा शेकडा नऊ इतकी कमी भरली. निबंध लिहून होण्याआधीच, २००९ साली, मजेरस वारला. त्याच्या सहकाऱ्यांनी ते आकडे २०१२ साली प्रसिद्ध केले. दोष काढणाऱ्यांनी शास्त्रावर उपकारच केले, कारण त्यांच्यामुळे जुना निष्कर्ष अधिक पक्क्या पायावर उभा राहिला. आमच्या चळवळीत एखाद्या आकड्याला कोणी हरकत घेतली की आम्हाला राग येतो. राग गिळून पुन्हा मोजावे, हे आम्ही ह्या माणसापासून शिकलो.

शेवटचा दुवा २०१६ साली मिळाला. लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखविले की, 'कॉर्टेक्स' नावाच्या एका जनुकात सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक भटका तुकडा येऊन बसला, त्यामुळे हा पतंग काळा झाला. आईकडून किंवा बापाकडून, एका बाजूने जरी तो आला तरी पिलू काळे होते, म्हणून त्याचा प्रसार इतका भराभर झाला. ही घटना १८१९ च्या आसपास, बहुधा एकाच पतंगात घडली असावी, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे कोणाच्या दृष्टीस पडण्याआधी काही दशके ती काळी वंशवेल काजळीत वाढत होती.

आता त्या बैठकीकडे वळतो. त्या मृदुभाषी गृहस्थांना आम्ही त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवे होते?

पहिली गोष्ट ही की, काजळीने एकही पतंग काळा झालेला नाही. पांढरा जन्मलेला पतंग पांढराच राहिला आणि पांढराच मेला. त्याला सवय झाली नाही. त्याला पक्ष्याने खाल्ले. वर्षानुवर्षे पांढरे मरत गेले आणि योगायोगाने काळे जन्मलेले मागे उरले. दुरून पाहणाऱ्याला वाटले की जातीने जुळवून घेतले. ते जुळवून घेणे ज्या हिशेबात बसते त्याच्या दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची रांग आहे, आणि ती कोणी मोजली नव्हती. माणसाच्या बाबतीत 'सवय होईल' म्हणणाऱ्याने ती रांग किती लांब असेल ते आधी सांगावे.

दुसरी गोष्ट आमच्या घरची आहे. आमचे वडील मुंबईत एका कापडगिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. रविवारची सुटी घेऊन सोमवारी पाळीवरून परत आले की त्यांची छाती आवळून येई. मंगळवारी-बुधवारी आराम पडे. आम्ही मुले समजत असू की वडिलांना सोमवार आवडत नाही. आई म्हणे, "आठवडा सुरू झाला की सवय होते त्यांना." पुढे वाचनालयात कळले की कापसाच्या तुसाने होणाऱ्या बिसिनोसिस ह्या रोगाचे हेच पहिले लक्षण आहे. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरते, मग आठवडाभर कमी होत जाते, आणि माणसाला वाटते की आपण रुळलो. वर्षे लोटली की तोच दमा सातही दिवसांचा होतो. १९८२ च्या संपानंतर वडील गिरणीत परत गेले नाहीत, पण खोकला त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला. जिला घरात सवय म्हणत होतो तो रोगच होता, आणि ते सांगायला आमच्यापाशी तेव्हा शब्द नव्हता.

तिसरी गोष्ट अशी. मिरपुडी पतंगाला आपली हवा बदलता येत नव्हती. त्याच्यापाशी मरणे आणि उरणे एवढे दोनच मार्ग होते. माणसापाशी तिसरा मार्ग आहे. तो हवा मोजू शकतो, मागणी लिहू शकतो, कायदा करून घेऊ शकतो. १९५६ च्या कायद्याने माणसांच्या छातीसाठी हवा सुधारली, आणि पांढरा पतंग आपोआप वाचला.

त्या बैठकीनंतर चार वर्षांनी त्याच कारखान्यात आम्ही पुन्हा तीच मागणी ठेवली. ह्या खेपेस भाषण केले नाही. खात्यातल्या एकशे बारा कामगारांपैकी कोणाला सोमवारी छाती भरते, किती वर्षांपासून, ह्याची यादी आमच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तयार केली होती. ती टेबलावर ठेवली. तुसासाठी शोषकयंत्रे बसली. धुराड्याची उंची वाढायला आणखी दोन वर्षे लागली. यादीतले काही जण तोवर उरले नव्हते.

पावसाळा सुरू झाला की रात्री आपल्या ओसरीच्या दिव्यावर पतंग येतात. सकाळी त्यांतला एखादा भिंतीवर किंवा झाडाच्या सालीवर बसलेला दिसेल. मुलांना तो झाडून टाकू देऊ नये. जवळ जाऊन त्याचे पंख पाहावेत, आणि ही नक्षी कोणाच्या नजरेपासून लपण्यासाठी आहे हे मुलांना विचारावे. उत्तर शोधायला आपल्या गावचे वाचनालय रात्री आठपर्यंत उघडे असते.